आहेराची चादर: २० सेकंद, २४० फोटो

मालकांना जाहिरात ३० सेकंदांची हवी होती. सोलापूरच्या चाटी गल्लीतलं चादर-टॉवेलचं दुकान, लग्नसराई तोंडावर, आणि मागणी अशी की चादर आपली आपण उघडावी, टॉवेलची गुंडाळी आपोआप व्हावी, वर टोपी-नारळ येऊन बसावा. माणूस कुठे दिसायला नको. म्हणजे स्टॉप मोशन: वस्तू थोडी सरकवायची, हात बाजूला घ्यायचा, फोटो काढायचा, पुन्हा थोडी सरकवायची.

पहिलं काम हिशेबाचं. चित्रफीत सेकंदाला २४ चौकटींची (फ्रेमची) असली तरी २४ वेगळे फोटो काढायची गरज नसते. १२ काढून प्रत्येक दोनदा दाखवला की डोळ्याला हालचाल सलग वाटते आणि स्टॉप मोशनची ती किंचित टिकटिकही राहते. ३० सेकंदांचे ३६० फोटो होतात. दोन माणसं कापडासारखी नाठाळ वस्तू घेऊन बसली तर एका रात्रीत ६० ते ८० फोटो निघतात, त्यापुढे हात थरथरतात आणि चुका वाढतात. आम्ही २० सेकंद सुचवले. "अर्धा मिनिट तर पाहिजेच की ओ," असं उत्तर आलं. मग मालकांच्याच मोबाइलवर त्यांना त्यांनी पाहिलेल्या जाहिराती दाखवल्या आणि त्यांचं बोट कितव्या सेकंदाला पुढे सरकतं ते मोजलं. २० वर सौदा ठरला.

"सरळ व्हिडिओच काढा ना," हा प्रश्नही येतोच. दादासाहेब फाळक्यांनी पहिला चित्रपट काढण्याआधी वाटाण्याचं रोप उगवताना थोडं थोडं टिपून ती फीत भांडवल देणाऱ्यांना दाखवली होती. रोप वाढतं हे कुणाला माहीत नव्हतं? पण समोर झरझर वाढताना दिसलं की माणूस थांबून बघतो. चादरीचंही तसंच. रोज घडी घालणारा माणूससुद्धा आपोआप उघडणारी घडी शेवटपर्यंत बघतो.

शूटिंगच्या आधी आवाज ठरवायचा, ही गोष्ट बहुतेक जण उलटी करतात. आधी फोटो, मग त्यावर संगीत चिकटवायचं, आणि मग ठेका कुठे आणि घडी कुठे. आम्ही शेजारच्या कारखान्यातल्या एका यंत्रमागाची खटखट मोबाइलवर घेतली. मोजली तर मिनिटाला साधारण १२० ठोके. सेकंदाला दोन, म्हणजे दर सहाव्या फोटोला एक ठोका. ही सोय हातची सोडण्यासारखी नव्हती. सगळी जाहिरात सहाच्या पटीत बसवली: चादर उघडणं ७२ फोटो, आठ डिझाइनं बदलणं ४८, टॉवेल ३६, टोपी-नारळ ३६, शेवटचा आहेर आणि दुकानाचं नाव ४८. बेरीज २४०. सिनेमाचं गाणं वापरायचा आग्रह झाला होता, पण धंद्याच्या खात्यावरून परवानगीशिवाय तसं गाणं टाकलं की आवाज बंद पडतो किंवा फीतच उतरवली जाते. मागाची खटखट फुकट आणि आपल्या गावची.

मग कच्चा आराखडा. टेबलावर हातरुमाल, चहाचा कप आणि लिंबू घेऊन मोबाइलवर तासाभरात २० सेकंदांचा नमुना केला. यासाठी 'स्टॉप मोशन स्टुडिओ' हे अ‍ॅप पुरतं. मोबाइल विमान मोडवर टाकायचा, नाहीतर मधेच फोन येतो, यंत्र थरथरतं आणि चौकट सरकते. नमुना मालकांना दाखवून "हाच क्रम, हाच वेग" असं लेखी घेतलं. हे भांडखोरपणाचं वाटतं, पण इथे बदल म्हणजे नुसती कात्री नसते, अख्खी रात्र पुन्हा असते. "ते जरा हळू करा" ही सूचना तर सगळ्यात महाग. १२ फोटोंची हालचाल ताणून दुप्पट केली की सेकंदाला सहाच फोटो उरतात आणि चादर उघडायच्या ऐवजी अडखळते. थांबा लांबवता येतो, हालचाल नाही.

जागा मिळाली शहराच्या पूर्व भागातल्या गोदामात, १० फूट उंचीच्या छताखाली. चादर ६० बाय ९० इंचांची, ती टेबलावर मावत नाही, म्हणून जमिनीवर पसरायची आणि कॅमेरा वर टांगायचा. इथे लेन्सचा हिशेब आधी करावा. आमच्या एपीएस-सी, म्हणजे मध्यम आकाराच्या सेन्सरच्या कॅमेऱ्याला १८ मिमी लेन्स लावली तर २.३ मीटर उंचीवरून साधारण २.९ मीटर लांबी दिसते. चादरीची लांबी २.२९ मीटर, म्हणजे जमलं. २४ मिमी लेन्सनं तेवढंच दिसायला ३ मीटरच्या वर उंची लागली असती आणि कॅमेरा छतात गेला असता. जाहिरात मोबाइलवर उभी दिसणार, म्हणून कॅमेराही उभाच लावला. ४००० बाय ६००० च्या फोटोतून ९ बाय १६ ची चौकट कापली की रुंदीतले ३३७५ पिक्सेल उरतात. दोन्ही कडांची जी पट्टी कापली जाते ती फुकट जात नाही. खुणा, टेप, टाचण्या यांची जागा तीच.

कॅमेरा टांगायला रॅकचे स्लॉटेड अँगल (भोकं पाडलेल्या लोखंडी पट्ट्या) वापरले: दोन खांब, एक आडवा, आणि कोपऱ्यांत तिरक्या पट्ट्या. तिरक्या पट्ट्या नसतील तर सांगाडा मुरड घेतो. कॅमेरा जमिनीशी समांतर आहे का हे बघायला लेव्हल पुरत नाही, कारण गोदामाची फरशीच उताराची असते. चौकटीच्या मध्यावर जमिनीला सपाट आरसा ठेवायचा आणि लॅपटॉपवर बघायचं. आरशात लेन्सचं स्वतःचं प्रतिबिंब बरोबर मध्यभागी दिसलं की कॅमेरा सरळ. मध्य शोधायला आडव्या अँगलवरून गवंड्याचा ओळंबा सोडला. जमिनीवर ८ बाय ४ फुटांचे दोन प्लाय जोडून त्यांना बिनचकाकीचा प्लास्टिक पेंट दिला. फ्लेक्स अंथरायचा मोह टाळावा: तो चमकतो आणि उन्हाळ्यात फुगे धरतो.

आता खरा त्रास. भिंतीपलीकडे माग चालू. चहाच्या कपात पाण्यावर वलयं उठत होती, तेव्हाच शंका यायला हवी होती. पहिल्या रात्रीची सेटिंग अशी होती: आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, एफ (लेन्सचं छिद्र) ११, शटर अर्धा सेकंद उघडं. दिव्यांची लुकलुक मोडायला लांब एक्स्पोजर चांगलं, म्हणून. फोटो पूर्ण मोठा करून पाहिला तर चादरीचा धागा न् धागा दोन-दोन दिसत होता. सांगाडा थरथरत होता आणि अर्ध्या सेकंदात ती थरथर फोटोत उतरत होती.

उपाय दोन बाजूंनी केला. खांबांखाली जुन्या टॉवेलच्या जाड घड्या घातल्या, आडव्या अँगलला दोन विटा लटकवल्या, आणि प्लाय व सांगाडा एकमेकांना स्क्रूने जखडले, म्हणजे हललंच तर दोन्ही बरोबर हलेल. दुसरी बाजू शटरची. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. म्हणून शटर असं हवं की त्यात मिणमिण पूर्ण संख्येत मावेल: १/१० सेकंदात दहा, १/२५ मध्ये चार, १/५० मध्ये दोन. १/१५ किंवा १/३० घेतलं की कधी जास्त कधी कमी उजेड येतो आणि फीत फडफडते. आम्ही १/२५ घेतलं, आयएसओ ४०० केला, एफ ८ वर आलो, उरलेली कमतरता दिवे जवळ आणून भरली. थरथर दिसेनाशी झाली.

दिवे दोनच. एक डाव्या बाजूने खाली झुकवलेला, कारण तिरका उजेड पडल्याशिवाय जॅकार्डची, म्हणजे मागावरच विणलेल्या नक्षीची, वीण उठत नाही, वरून सपाट उजेड टाकला की चादर छापील दिसते. समोरच्या बाजूला दिवा नाही, पांढरा थर्माकोल. दुसरा दिवा मागून मंद. खिडक्या-झरोके काळ्या कापडाने बंद. रात्री १० नंतर काम सुरू करायचं याचं कारण ऊन नव्हे, फटीतून येणारा उजेड. रात्री मात्र गावातला भार उतरला की व्होल्टेज चढतं, आणि स्वस्त दिव्यांचा उजेड त्याबरोबर बदलतो. दिव्यांना स्टॅबिलायझर लावला. लॅपटॉप यूपीएसवर, कॅमेऱ्याला बॅटरीच्या जागी अ‍ॅडॉप्टरची नकली बॅटरी, म्हणजे मधेच कॅमेरा उघडून हात लावायची वेळ येत नाही. एलईडी तापला की किंचित मंद होतो, म्हणून पहिल्या फोटोच्या अर्धा तास आधी दिवे लावून ठेवायचे. दुसऱ्या रात्री लाइट गेली आणि वीस मिनिटांनी आली. लगेच फोटो सुरू केले, तिथे आजही पाहिलं तर उजेडाची पायरी दिसते. पुन्हा अर्धा तास थांबायला हवं होतं.

आणि पंखा. मार्चअखेरचं सोलापूर, बंद गोदाम, दिव्यांची धग, आणि पंखा लावायचा नाही, कारण चादरीच्या दशा वाऱ्याने डोलतात. एसी असता तरी चालला नसता, तो थांबत-सुरू होत हवा ढकलतो. दर १२ फोटोंनंतर एक थांबा घ्यायचा, बाहेर जाऊन घाम पुसायचा, हात कोरडे करायचे. घामाचा थेंब पांढऱ्या टॉवेलवर पडला तर तो टॉवेल बाद. कपडे काळे किंवा राखाडी घालावेत. आमच्यातला एक जण लाल टी-शर्ट घालून आला होता, तो डावीकडे वाकला की थर्माकोलवर आणि तिथून चादरीवर गुलाबी झाक यायची. फोटो घेतानाही सगळ्यांनी ठरलेल्या जागीच उभं राहायचं. माणसाचं अंगसुद्धा उजेड अडवतं आणि परतवतं.

कॅमेऱ्यातलं आपोआप ठरणारं सगळं आपल्या हाती घ्यायचं: उजेड, व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं ही सेटिंग), फोकस. फोकसच्या रिंगवर टेप. लेन्समधली थरथर रोखणारी सोय बंद, नाहीतर कॅमेरा स्थिर असूनही चौकट केसभर भटकते. एवढं करूनही हलकी लुकलुक राहिली तर दोष बहुधा लेन्सच्या, उजेड कमी-जास्त करणाऱ्या पडद्याचा असतो. आजकालच्या लेन्समध्ये तो पडदा प्रत्येक फोटोला उघडतो-मिटतो आणि दरवेळी तंतोतंत तितकाच मिटत नाही. जुनी, हाताने पडदा फिरवायची लेन्स लावली की हा प्रश्न मुळातून जातो.

आता चादर. ती उघडताना दाखवायची, पण फोटो मिटतानाचे काढायचे आणि क्रम उलटा लावायचा. यामागे कारण आहे. घडीतली चादर उघडली की घडीच्या रेषा तशाच उमटून राहतात, वर कितीही हात फिरवा. उलट इस्त्री केलेली चादर सपाट पसरून तिची एकेक घडी घालत गेलं आणि फीत उलटी फिरवली, तर घडी उघडते आणि खाली एकही रेष नसलेली कोरी चादर निघते. ग्राहकाला हेच हवं असतं.

चार घड्या: ९० इंचांचे ४५, मग २२.५, मग आडव्या बाजूने ६० चे ३०, शेवटी १५. प्रत्येक घडीला १२ फोटो आणि नंतर सहाचा थांबा. हालचाल एकसारखी ठेवली की ती यंत्रासारखी दिसते. सुरुवात सावकाश, मधे झपाट्याने, शेवट पुन्हा सावकाश. पहिल्या घडीत काठ ९० इंच प्रवास करतो, त्याचे टप्पे आम्ही असे पाडले: २, ४, ६, ९, ११, १२, १२, ११, ९, ७, ५, २. हे आकडे बेरीज करत करत मास्किंग टेपवर लिहिले, २, ६, १२, २१, ३२ असे ९० पर्यंत, आणि टेप चादरीच्या बाजूला, कापल्या जाणाऱ्या पट्टीत चिकटवली. अंदाजाने सरकवणाऱ्याचा सहावा फोटो हमखास चुकतो.

काठ हवेत धरून कसा ठेवायचा? चादरीच्या मागच्या बाजूला, काठापासून अर्ध्या इंचावर, नेफ्यासारखी एक पट्टी कच्च्या टाक्यांनी शिवली आणि तिच्यातून २ मिमीची अ‍ॅल्युमिनियमची तार ओवली. तारेला वाकवाल तो बाक राहतो. लोखंडी तार घेऊ नये, ती परत उसळते आणि घामाने गंजून डाग पाडते. काठाखाली वर्तमानपत्राच्या गुंडाळ्या, सुरुवातीला बोटाएवढ्या, मधल्या टप्प्यांत मनगटाएवढ्या. वरून बघताना त्या घडीखाली झाकल्या जातात. काठ जितका वर उचलला जाईल तितका तो लेन्सच्या जवळ येतो आणि मोठा दिसतो. चादर अंगावर आल्यासारखी वाटते ती एवढ्या चार-पाच इंचांच्या उचलीमुळे.

काठ दोघांनी दोन टोकांना धरून "एक, दोन" म्हणत बरोबर न्यायचा. एकट्याने ओढलं की चादर तिरकी होते आणि ते तिसऱ्या-चौथ्या फोटोपर्यंत लक्षात येत नाही. पुढचा फोटो काढायच्या आधी लॅपटॉपवर मागच्या फोटोची पुसट छाया आताच्या चित्रावर टाकून बघायची, या सोयीला ऑनियन स्किन म्हणतात. जी बाजू हलायला नको आहे ती जागच्या जागी आहे ना, एवढंच तिथे पाहायचं. न हलणारा भाग टाचण्यांनी प्लायला खिळवून ठेवला होता. कापडात सगळ्यात जास्त दिसते ती अशीच नको असलेली वळवळ: हलला पाहिजे काठ, आणि हलते मधली सुरकुती. चादरीच्या मध्यावर हात टेकवायचा नाही, हा एक नियम पाळला तरी अर्धी फीत सुधारते.

आमची एक चूक इथे सांगण्यासारखी आहे. सोलापुरी चादर दोन्ही बाजूंनी वापरता येते, मागच्या बाजूला रंग अदलाबदल होऊन तेच डिझाइन उमटतं. हे दाखवायला घडीत मागची बाजू मुद्दाम वर आणली. पण कोपऱ्यात विणलेलं दुकानाचं नावही मागे आरशातल्यासारखं उलटं येतं, आणि ते चार फोटोंत ठळक दिसत होतं. मालकांनी ते पहिल्या नजरेत पकडलं. त्या चार फोटोंत कोपरा गुंडाळीखाली दडपून पुन्हा घेतलं. जीआयचं (भौगोलिक मानांकनाचं) चिन्ह जाहिरातीत हवं असेल तर दुकानदार किंवा त्याचा उत्पादक अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदलेला आहे का, हेही याच टप्प्यावर विचारून घ्यावं, पोस्टर छापायच्या दिवशी नव्हे.

आठ डिझाइनं बदलणं तुलनेने सोपं. चारी कोपऱ्यांच्या खुणा, एक उचलायची, दुसरी पसरायची. प्रत्येकीचे तीनच फोटो काढले आणि ते दोनदा फिरवून अर्धा सेकंद भरला. एकच फोटो सहा फोटोंच्या जागी गोठवला तर चित्र मेल्यासारखं होतं, बाकी सगळीकडे जी सूक्ष्म थरथर असते ती अचानक थांबते. तीन फोटो आलटूनपालटून लावले की जीव राहतो. अर्ध्या सेकंदापेक्षा कमी वेळ दिला तर डिझाइन दिसत नाही, नुसता रंग चमकून जातो. बारा डिझाइनं दाखवायचा हट्ट याच कारणाने मोडावा लागला.

टॉवेल चादरीपेक्षा अवघड निघेल असं वाटलं नव्हतं. टेरी टॉवेलला लव असते. बोट लागलं की ती लव दुसऱ्या बाजूला झुकते आणि तिथे गडद ठसा उमटतो. दर फोटोला ठसा वेगळ्या जागी, म्हणजे फितीत टॉवेलवर मुंग्या चालताहेत असं दिसतं. उपाय: हात फक्त खालच्या बाजूने घालायचा, आणि प्रत्येक फोटोच्या आधी कपड्याच्या मऊ ब्रशने लव एकाच दिशेला वळवायची, नेहमी डावीकडून उजवीकडे. ३६ फोटोंना ३६ वेळा. ६० इंचांच्या टॉवेलची गुंडाळी करताना आत पुठ्ठ्याची नळी घातली, साड्यांच्या दुकानात मिळते ती. नळीशिवाय गुंडाळी मधे चपटी होते.

टोपी आणि नारळासाठी कॅमेरा खाली आणून समोरून लावला. पांढरी टोपी, पांढरा टॉवेल आणि मागे गडद चादर असल्यामुळे उजेड टोपीवरून मोजायचा, चादरीवरून मोजला तर टोपीच्या कडा पांढऱ्यात विरून जातात. टोपी वरून तरंगत येऊन बसते, त्यासाठी मागून एक जाड तार, तिला बिनचकाकीचा राखाडी रंग, आणि टोपीत पुठ्ठ्याचा आधार. तार नंतर पुसायची असते, म्हणून प्रत्येक जागेवरून वस्तू काढून रिकाम्या सेटचा एक फोटो घेऊन ठेवायचा. तार जिथे दिसते तिथे त्या रिकाम्या फोटोचा तुकडा बसवायचा. तो एक फोटो विसरलात तर ३६ फोटोंत तार हाताने रंगवत बसावं लागतं. टोपी टेकल्यावर दोन फोटोंत किंचित दबवली आणि तिसऱ्यात पुन्हा वर आणली. तेवढ्याने तिला वजन आलं.

नारळ घरंगळतो. ब्लू टॅक (वस्तू चिकटवायची मऊ पुटी) त्याच्या शेंडीला आणि काथ्याला धरत नाही. खाली रबरी नळीचं कापलेलं कडं ठेवलं, बांगडीएवढं, ते टॉवेलच्या लवेत बुडून दिसेनासं झालं. नारळ स्वतःभोवती फिरताना शेंडीची दिशा हीच आपली खूण.

एकविसाव्या फोटोला कुणाचा तरी पाय ट्रायपॉडला लागला. अशा वेळी कॅमेरा पुन्हा होता तिथे बसवायच्या भानगडीत पडू नये. छाया जुळवत अर्धा तास जातो आणि तरीही तिथे झटका दिसतोच. आम्ही तिथे कट घेतला: पुढचे फोटो चौकट जवळ आणून कापले, टोपीचा जवळून शॉट म्हणून. फोटो ६००० पिक्सेलचे असल्याने जवळ जायला भरपूर जागा होती. बघणाऱ्याला तो शॉट मुद्दाम घेतल्यासारखा वाटतो.

फोटो घेण्याची शिस्त शेवटपर्यंत एकच होती. सरकवणारा "मोकळं" म्हणतो, दुसरा लॅपटॉपवर चार गोष्टी बघतो: हात, सावली, ब्रश किंवा टाचणी, दोरा. मगच बटण. तरीही एका फोटोत ब्रश राहिला. तो फोटो आम्ही जागच्या जागी उडवला आणि संगणकावर त्याची किंमत मोजली. एडिटिंगचं सॉफ्टवेअर ओळीने क्रमांक असलेले फोटो एकच फीत म्हणून उचलतं. मधला एक क्रमांक गायब असेल तर फितीचे दोन तुकडे होतात. कॅमेऱ्याचा आकडा ९९९९ वरून ०००१ वर गेला तरी हेच होतं. म्हणून चुकलेला फोटो तिथे उडवायचा नाही, वहीत नोंद करायची, आणि शेवटी सगळ्यांना नव्याने क्रमांक द्यायचे. तोही मूळ फाइलींची दुसऱ्या डिस्कवर नक्कल काढल्यावर.

एडिटिंग 'डाविंची रिझॉल्व्ह'च्या फुकट आवृत्तीत केलं. प्रोजेक्टचा वेग २४ आहे ना हे पहिला फोटो आत घेण्याच्या आधी बघायचं, नंतर तो बदलता येत नाही. फोटोंच्या फितीचा वेग मात्र वेगळा, तिच्या गुणधर्मांत जाऊन १२ करायचा. चादरीची फीत उलटी फिरवली, तार पुसली, रंग एका फोटोवर जमवून सगळ्यांना लावला. जिथे लाइट गेली होती तिथे उजेड हाताने जुळवला, तो जवळजवळ जमला. मागाच्या ठोक्यावर घडी बरोबर पडते का एवढंच मग तपासायचं होतं, आणि ती पडली, कारण आकडे आधीच सहाचे होते. कापडाची सळसळ आणि नारळ टेकल्याचा ठप्प हे आवाज वेगळे घेतले: कपाटाच्या आत चारी बाजूंनी चादरी लटकवून मधे मोबाइल ठेवला. घुमणारा आवाज चादरी गिळतात.

दुकानाचं नाव, पत्ता आणि नंबर शेवटच्या तीन सेकंदांत. मालकांना दोन शाखा, तीन नंबर आणि "होलसेल व रिटेल" हवं होतं. एक नंबर ठेवला. चौकटीच्या खालच्या पाचव्या भागात काही लिहू नये, रीलवर तिथे खात्याचं नाव आणि मजकूर येऊन बसतो. आमची पहिली प्रत याच कारणाने परत आली होती, पत्ता झाकला जात होता.

व्हॉट्सअ‍ॅपवर फीत साधी पाठवली की ती दाबली जाते आणि सगळ्यात आधी मरते ती जॅकार्डची वीण, कारण बारीक रेघा हा अशा दाबण्याचा पहिला बळी असतो. म्हणून मालकांना प्रत डॉक्युमेंट म्हणून पाठवली. तासाभरात फोन आला. दुकानातल्या टीव्हीवर लावायची आहे, आडवी करून द्या. उभे फोटो आडवे होत नाहीत. मग त्याच चादरीच्या काठाचे दोन फोटो घेतले, डावी-उजवी बाजू त्यांनी भरली, आणि मधे उभी फीत ठेवली.